पेशीत प्रथिन कसं बनतं आणि कुठं जातं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. परीक्षा जवळ आल्या की यादीतले पहिले सात-आठ प्रश्न येतात, एरवी शेवटचे. क्रमाने वाचायची सक्ती नाही. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. पेशीद्रव्यात पसरलेल्या पटलांच्या जाळ्याला, म्हणजे आंतर्द्रव्यजालिकेला, पुढे नुसतं ‘जालिका’ म्हटलं आहे आणि पटलाच्या चिमुकल्या पिशव्यांना ‘पुटिका’.

१. प्रथिन नक्की कोण बनवतं? केंद्रक की रायबोसोम?

रायबोसोम. केंद्रकात असतो तो फक्त मजकूर. डीएनएमधल्या जनुकाची प्रत एमआरएनएच्या रूपात निघते (प्रतिलेखन), केंद्रकाच्या छिद्रांतून पेशीद्रव्यात येते आणि तिथे रायबोसोम ती वाचत वाचत अमिनो आम्लं एकापुढे एक जोडतो (भाषांतरण). वाचन तीन-तीन अक्षरांनी होतं. चार अक्षरांपासून असे ६४ संकेत होतात. त्यातले ६१ कुठल्या ना कुठल्या अमिनो आम्लाचे, उरलेले ३ ‘थांबा’ सांगणारे. संकेताप्रमाणे नेमकं अमिनो आम्ल आणून देतो तो टीआरएनए.

वेग जिवाणूंमध्ये सेकंदाला साधारण १५ ते २० अमिनो आम्लं, आपल्या पेशींत पाच-सहा. काम खर्चिक आहे. एक अमिनो आम्ल जोडायला चार उच्च-ऊर्जा फॉस्फेट बंध मोडावे लागतात: दोन त्या आम्लाला टीआरएनएवर चढवताना, दोन रायबोसोमवर.

२. रायबोसोमला पटल नाही, मग तो अंगक कसा?

पटल असेल तरच अंगक म्हणायचं, असं ठरवलं तर तो अंगक नाही. पेशीतलं ठरावीक काम करणारी रचना म्हणजे अंगक असं धरलं तर आहे. आपल्या पुस्तकात जी व्याख्या असेल ती परीक्षेत लिहावी. पेशीला या वादाशी काही देणंघेणं नाही.

खरी गंमत वेगळीच आहे. रायबोसोम आरएनए आणि प्रथिनं मिळून बनतो, आणि अमिनो आम्लं सांधण्याचं मुख्य काम त्यातला आरएनए करतो. म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राचं पातंच प्रथिनाचं नाही! रायबोसोमची रचना अणूंच्या पातळीवर उलगडल्यावर हे पक्कं झालं. त्या कामासाठी वेंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि अडा योनाथ यांना २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

३. रायबोसोमचे ४०एस आणि ६०एस हे दोन तुकडे मिळून १००एस व्हायला हवं, ८०एस कसं?

कारण ‘एस’ हे वजन नाही. फार वेगाने फिरवलेल्या नळीत कण किती लवकर तळाशी बसतो याचं ते माप आहे, आणि ते वजनाइतकंच आकारावरही अवलंबून असतं. दोन तुकडे एकमेकांना चिकटले की बाहेर उघडा राहणारा पृष्ठभाग कमी होतो, म्हणून बेरीज जुळत नाही. जिवाणूंमध्ये तसंच: ३०एस आणि ५०एस मिळून ७०एस.

४. मोकळे रायबोसोम आणि जालिकेला चिकटलेले रायबोसोम या दोन वेगळ्या जाती आहेत का?

नाहीत. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच दिसतो, आणि दोष आकृतीचा आहे. आकृतीत काही ठिपके जालिकेवर कायमचे चिकटवलेले असतात, काही बाजूला तरंगत असतात. प्रत्यक्षात रायबोसोम तोच. आज तो जालिकेवर असेल, हातातलं काम संपलं की सुटा होईल आणि पुढचं प्रथिन पेशीद्रव्यात बनवेल.

कुठे बसायचं हे रायबोसोम ठरवत नाही. ते ठरतं बनत असलेल्या साखळीवरून. जालिकेत जायच्या प्रथिनाच्या अगदी सुरुवातीला साधारण १५ ते ३० अमिनो आम्लांचा एक तुकडा असतो. त्याच्या मध्यावर पाण्यापासून दूर पळणारी अमिनो आम्लं दाटीने असतात. हा संकेतक्रम. रायबोसोममधून तो डोकं बाहेर काढतो न काढतो तोच पेशीद्रव्यातला एक कण (एसआरपी) त्याला पकडतो, भाषांतरण तात्पुरतं मंदावतो आणि रायबोसोम, एमआरएनए, अर्धवट साखळी असा सगळा लवाजमा जालिकेच्या पटलावर नेऊन टेकवतो. तिथे एक बोगदा उघडतो, एसआरपी बाजूला होतो, भाषांतरण पुन्हा सुरू होतं आणि साखळी बनता बनता थेट आत ओवली जाते. खडबडीत जालिका खडबडीत दिसते ती अशा कामात गुंतलेल्या रायबोसोममुळे.

पत्ता साखळीतच लिहिलेला असतो ही कल्पना ग्युंटर ब्लोबेल यांची. १९७५ मध्ये त्यांनी आणि बर्नहार्ड डोबरश्टाइन यांनी ती प्रयोगांनिशी मांडली, आणि १९९९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल ब्लोबेल यांना त्यासाठीच मिळालं. पुरावा हवा असेल तर हा पाहा: ग्लोबिन हे एरवी पेशीद्रव्यात राहणारं प्रथिन, पण दुसऱ्या प्रथिनाचा संकेतक्रम त्याच्यापुढे जोडला की तेही निमूटपणे जालिकेत शिरतं. या पानावरची अर्धी उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत, त्यामुळे हे उत्तर सोडून पुढे जाऊ नये अशी विनंती.

५. मग सगळीच प्रथिनं जालिका, गॉल्गी या मार्गाने जातात का?

नाही. पेशीबाहेर सोडायची, प्रद्रव्यपटलात (पेशीच्या बाहेरच्या आवरणात) बसायची, लयकारिकेत (कचरा पचवणाऱ्या पिशवीत, म्हणजे लायसोसोममध्ये) जायची आणि खुद्द जालिकेत किंवा गॉल्गीत राहायची प्रथिनं या वाटेने जातात. पेशीद्रव्यातली, केंद्रकातली आणि तंतुकणिकांमधली (मायटोकॉन्ड्रियांमधली) बहुतेक सगळी प्रथिनं मोकळ्या रायबोसोमवर पूर्ण होतात. पत्ता नसेल तर प्रथिन पेशीद्रव्यातच राहतं. केंद्रकाचा पत्ता वेगळा असतो आणि तो साखळीत कुठेही असू शकतो. केंद्रकाच्या छिद्रांतून प्रथिन घडी केलेलं असतानाच आत जातं. तंतुकणिकांचं प्रकरण निराळं आहे, ते प्रश्न ११ मध्ये.

६. जालिकेच्या आत प्रथिनाचं काय होतं?

बरंच काही, आणि बरंचसं एकाच वेळी. संकेतक्रमाचं काम झालेलं असतं, म्हणून साखळी पूर्ण व्हायच्या आधीच तो बहुधा कापून टाकला जातो. त्याच सुमारास अनेक साखळ्यांवर १४ शर्करांचा तयार झुपका एकगठ्ठा बसवला जातो. तो बसतो अ‍ॅस्परजिन या अमिनो आम्लावर, पण कुठल्याही नाही. त्याच्यानंतर एक सोडून पुढे सेरीन किंवा थ्रिओनीन असेल तरच.

मग घडी. साखळी आपोआप घडी घेऊ शकते हे ख्रिश्चन अनफिन्सन यांनी रायबोन्यूक्लिएझ या १२४ अमिनो आम्लांच्या विकरावर (एन्झाइमवर) दाखवलं होतं (१९७२ चं नोबेल). पण परीक्षानळीत एकटं प्रथिन असतं आणि पेशीत ही गर्दी! अर्धवट घडीची प्रथिनं एकमेकांना चिकटून गोळा होऊ नये म्हणून शॅपरोन प्रथिनं त्यांना धरून ठेवतात. सिस्टीन या अमिनो आम्लांमधले गंधकाचे पूल, म्हणजे डायसल्फाइड बंध, इथेच बांधले जातात. पेशीद्रव्यातलं रासायनिक वातावरण या बंधांना सहसा टिकू देत नाही, जालिकेतलं देतं. म्हणून पेशीबाहेर वावरणाऱ्या प्रथिनांत हे बंध भरपूर आणि पेशीद्रव्यातल्यांत विरळ.

‘क’ जीवनसत्त्वाचा संबंधही इथलाच. कोलॅजेनच्या साखळीतल्या प्रोलिनला हायड्रॉक्सिल गट जोडणारं विकर जालिकेत काम करतं आणि ते चालू राहायला ‘क’ जीवनसत्त्व लागतं. ते नसलं की कोलॅजेनचा तिपेडी गोफ पक्का वळला जात नाही. हिरड्यांतून रक्त येणं, जखमा न भरणं ही स्कर्व्हीची लक्षणं शेवटी जालिकेतल्या एका अडलेल्या कामाची आहेत.

७. घडी चुकली तर पेशीला कळतं का? पुढे काय होतं?

कळतं. जालिकेच्या बाहेर पडायचा परवाना घडी नीट बसलेल्यांनाच मिळतो. प्रश्न ६ मधल्या शर्करांच्या झुपक्याचा एक उपयोग हाच: त्यातले ग्लुकोजचे कण काढले-लावले जातात आणि त्यावरून या प्रथिनाला अजून थांबवायचं की सोडायचं हे ठरतं. वारंवार प्रयत्न करूनही न जमलेलं प्रथिन जालिकेतून उलटं पेशीद्रव्यात ओढून काढतात, त्याला युबिक्विटिन या ७६ अमिनो आम्लांच्या छोट्या प्रथिनाच्या खुणा लावतात आणि प्रोटिअसोम त्याचे तुकडे करतो. लक्षात घ्या, हे मोडकाम लयकारिकेत होत नाही. उत्तरपत्रिकांत ही चूक हमखास सापडते.

चुकीची प्रथिनं साठतच गेली तर जालिका केंद्रकाला कळवते: नवीन माल कमी करा, शॅपरोन वाढवा. तरीही निभलं नाही तर पेशी स्वतःला संपवते.

ही तपासणी कधी कधी नको इतकी कडक ठरते. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात सीएफटीआर या १,४८० अमिनो आम्लांच्या प्रथिनातलं, बहुसंख्य रुग्णांत, ५०८ वं एकच अमिनो आम्ल गळालेलं असतं. असं प्रथिन प्रद्रव्यपटलापर्यंत पोचलं तर थोडंफार काम करू शकतं, पण जालिका त्याला पुढे जाऊच देत नाही. एलेक्साकाफ्टर आणि टेझाकाफ्टर ही औषधं त्याला घडी घ्यायला हात देतात आणि परवाना मिळवून देतात.

८. गॉल्गी संकुल ‘पॅकिंग’ करतं म्हणजे नेमकं काय करतं?

‘पॅकिंग’ या शब्दाने गॉल्गीवर अन्यायच झाला आहे. कामिलो गॉल्गी यांनी १८९८ मध्ये चेतापेशीत हे जाळं पाहिलं, तेव्हा अनेकांना तो रंगाचा डाग वाटला होता. आज पाहिलं तर तिथे दोन मोठी कामं चालतात.

पहिलं, शर्करांचं संपादन. जालिकेतून आलेल्या झुपक्यातले काही कण छाटले जातात, नवे जोडले जातात. गॉल्गी म्हणजे पटलाच्या चपट्या चकत्यांची चळत; चकतीगणिक विकरं वेगळी, म्हणून क्रम पाळला जातो. याचं घरोघरचं उदाहरण म्हणजे रक्तगट. ए गटाच्या माणसाच्या गॉल्गीतलं विकर शेवटी एक प्रकारची शर्करा लावतं (एन-असेटाइल गॅलॅक्टोसअमीन), बी गटाच्या माणसाचं दुसरी (गॅलॅक्टोज). ओ गटात ते विकर निकामी असतं, त्यामुळे शेवटची शर्करा लागतच नाही. एबी गटात दोन्ही विकरं असतात.

दुसरं काम वर्गवारीचं. लयकारिकेत जायच्या विकरांना गॉल्गीत मॅनोज-६-फॉस्फेट ही खूण लागते आणि पलीकडच्या टोकाला ती ओळखून वेगळ्या पुटिकांत भरतात. ही खूण लावणारं विकरच नसलं तर आय-सेल नावाचा दुर्मिळ आजार होतो. त्यात लयकारिकेची विकरं धडधाकट असूनही अनेक पेशींत पत्त्यावर पोचत नाहीत, पेशीबाहेर टाकली जातात. रक्तात विकरं भरपूर आणि लयकारिकांत न पचलेला कचरा, असा उफराटा प्रकार.

९. गॉल्गीमध्ये प्रथिन एका चकतीतून दुसऱ्या चकतीत जातं की चकतीच पुढे सरकते?

पुस्तकांत अजूनही पुष्कळदा पहिलं लिहिलेलं असतं. २००६ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे जिवंत यीस्ट पेशींत चकत्यांना वेगवेगळे चमकते रंग देऊन पाहिलं, तर एकाच चकतीचा रंग वेळेबरोबर बदलत गेला. म्हणजे चकती स्वतःच वयात येते: सुरुवातीची चकती मधली होते, मधली शेवटची. विकरं पुटिकांत बसून मागच्या चकत्यांत परत जातात. सस्तन प्राण्यांच्या पेशींतले तपशील अजून चर्चेत आहेत, पण एका टोकाला पक्का खांब आणि दुसऱ्या टोकाला पक्का खांब असं गॉल्गी नाही एवढं नक्की.

१०. एका प्रथिनाचा पूर्ण प्रवास सांगाल का? आणि वेळ किती लागतो?

इन्सुलिन घेऊ. स्वादुपिंडाच्या बीटा पेशीत रायबोसोम ११० अमिनो आम्लांची साखळी बनवतो. जालिकेत शिरताना पहिली २४ कापली जातात, उरतात ८६. घडी होते आणि तीन डायसल्फाइड बंध बांधले जातात. गॉल्गीतून हे पूर्व-इन्सुलिन पुटिकांत जातं आणि तिथे मधला तुकडा कापून निघतो. राहतात २१ आणि ३० अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या, गंधकाच्या पुलांनी जोडलेल्या. हे ५१ अमिनो आम्लांचं इन्सुलिन. रक्तातली साखर वाढली की पुटिका प्रद्रव्यपटलाशी एकजीव होऊन ते बाहेर सोडतात.

कापून काढलेला ३१ अमिनो आम्लांचा तुकडा, म्हणजे सी-पेप्टाइड, त्याच पुटिकेतून इन्सुलिनच्या बरोबरीने रक्तात येतो. इंजेक्शनच्या इन्सुलिनमध्ये तो नसतो. म्हणून रुग्णाचं स्वतःचं इन्सुलिन किती बनतंय हे पाहायला डॉक्टर सी-पेप्टाइडची तपासणी सांगतात. रिपोर्टवरचं हे नाव कुठून आलं, असं विचारणाऱ्यांसाठी हे उत्तर.

वेळेचं क्लासिक मोजमाप १९६७ चं, जेम्स जेमिसन आणि जॉर्ज पलाडे यांनी गिनीपिगच्या स्वादुपिंडात पाचक विकरांवर केलेलं. किरणोत्सारी अमिनो आम्ल तीन मिनिटं देऊन मग ते कुठे कुठे दिसतं याचा त्यांनी माग काढला. आधी खडबडीत जालिका, काही मिनिटांत गॉल्गीच्या आसपास, तासा-दीड तासानंतर साठवणीच्या पुटिका. पलाडे यांना १९७४ चं नोबेल आल्बेर क्लोद आणि क्रिस्तियाँ द द्यूव यांच्याबरोबर मिळालं.

११. तंतुकणिकांना स्वतःचा डीएनए आणि रायबोसोम आहेत, मग त्या आपली प्रथिनं आपणच बनवत असतील ना?

फार थोडी. माणसाच्या तंतुकणिकेच्या डीएनएत ३७ जनुकं आहेत. त्यातली प्रथिनांची फक्त १३. बाकीची हजाराच्या वर प्रथिनं केंद्रकातल्या जनुकांवरून पेशीद्रव्यात बनतात आणि बाहेरून आत येतात. त्यांचा पत्ता बहुधा सुरुवातीलाच असतो, पण जालिकेच्या पत्त्यासारखा नाही, धन प्रभार असलेली अमिनो आम्लं त्यात जास्त. आत शिरण्यासाठी घडी उलगडावी लागते. केंद्रकात जाणाऱ्या प्रथिनांच्या हे नेमकं उलट (प्रश्न ५).

हरितलवकांतही असाच अर्धा-अर्धा कारभार. कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या रुबिस्को विकराचा मोठा घटक वनस्पतींच्या हरितलवकात बनतो, छोटा पेशीद्रव्यात बनून आत येतो, आणि जोडणी आत होते.

१२. काही अँटिबायोटिक्स जिवाणूंचे रायबोसोम बंद पाडतात. आपले का पडत नाहीत?

आपल्या ८०एस रायबोसोमची ठेवण वेगळी असल्यामुळे. स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, एरिथ्रोमायसिन यांना जिवाणूंच्या ७०एस रायबोसोममधल्या खाचा नेमक्या सापडतात. पण तंतुकणिकांचे रायबोसोम जिवाणूंच्याच कुळातले, आणि तिथे कधी कधी गफलत होते. तंतुकणिकेच्या डीएनएमध्ये एक विशिष्ट बदल (१५५५ व्या जागी) असलेल्या लोकांना स्ट्रेप्टोमायसिनच्या गटातल्या औषधांनी बहिरेपण येऊ शकतं. हे वाचून चालू औषध मनानेच बंद करू नये.

१३. लाल रक्तपेशीत केंद्रक नसतं, रायबोसोमही नसतात. मग हिमोग्लोबिन कुठून येतं?

आधीच बनवून ठेवलेलं असतं. अस्थिमज्जेत वाढणारी पेशी केंद्रक असतानाच हिमोग्लोबिनची तयारी करते, केंद्रक टाकून दिल्यावरही उरलेल्या एमआरएनएवर थोडा काळ काम चालू ठेवते, आणि मग रायबोसोमही मोडीत काढते. पुढचे साधारण १२० दिवस ती शिदोरीवर जगते.

१४. एमआरएनए लशीतला एमआरएनए केंद्रकात शिरून डीएनए बदलतो का?

त्याला केंद्रकात जायचं कारणच नाही. भाषांतरण पेशीद्रव्यात होतं (प्रश्न १). कोविडच्या लशीतल्या एमआरएनएवरून बनणाऱ्या स्पाइक प्रथिनाला स्वतःचा संकेतक्रम असतो, त्यामुळे ते प्रश्न ४ आणि ८ मधल्या वाटेनेच पेशीच्या पृष्ठभागावर येतं. इतर कुठल्याही एमआरएनएप्रमाणे हाही थोड्या काळात मोडून जातो.

१५. जिवाणूंकडून इन्सुलिन बनवून घेता येतं, मग प्रतिपिंडांची औषधं सस्तन प्राण्यांच्या पेशींत का वाढवतात?

जिवाणूंत जालिका नाही, गॉल्गी नाही. इन्सुलिन लहान आहे, त्यावर शर्करा नसतात आणि त्याचे बंध नंतर बाहेर रासायनिक पद्धतीने बांधता येतात. जिवाणूंपासूनच्या इन्सुलिनला १९८२ मध्ये मंजुरी मिळाली. प्रतिपिंड मात्र चार साखळ्यांचं, बऱ्याच बंधांचं आणि शर्करा बरोबर असतील तरच पूर्ण काम करणारं. त्याला खरीखुरी जालिका आणि गॉल्गी लागते, म्हणून ते बहुधा चिनी हॅम्स्टरच्या अंडाशयापासून मिळवलेल्या पेशींत बनवतात.

१६. अमिनो आम्लं २० की २१?

आपल्या शरीरात २१. एकविसावं सेलेनोसिस्टीन. त्याचा संकेत यूजीए, जो एरवी ‘थांबा’ सांगतो. एमआरएनएमध्ये पुढे एक ठरावीक वळसा असेल तरच रायबोसोम तिथे न थांबता सेलेनोसिस्टीन जोडतो. माणसात अशी २५ प्रथिनं ठाऊक आहेत. हाच यूजीए आपल्या तंतुकणिकांत ट्रिप्टोफॅनचा संकेत आहे. म्हणजे एकाच पेशीत एका शब्दाचे तीन अर्थ. परीक्षेत मात्र पुस्तकाप्रमाणे २० लिहावं.

१७. संकेतक्रम नसूनही पेशीबाहेर जाणारी प्रथिनं असतात का?

असतात. दाह वाढवणारं इंटरल्यूकिन-१ बीटा पेशीद्रव्यात बनतं आणि जालिकेला वळसा घालून बाहेर पडतं. त्याला एक दार गॅसडर्मिन या प्रथिनाने प्रद्रव्यपटलात पाडलेल्या भोकांचं. ही वाट अनेकदा पेशीच्या मरणाकडे जाते. एफजीएफ-२ हे वाढ घडवणारं प्रथिन पटलातून स्वतःच आरपार जातं. ‘गॉल्गीशिवाय स्राव नाही’ असं विधान चूक की बरोबर विचारलं तर या दोघांची नावं लिहावीत.

१८. कोलॅजेनचा रेणू पुटिकेपेक्षा लांब असतो म्हणे. मग तो जालिकेतून निघतो कसा?

हा प्रश्न पाठवणाऱ्याने आकडे पडताळून पाहिलेले दिसतात. पूर्व-कोलॅजेनचा ताठ दांडा सुमारे ३०० नॅनोमीटर, आणि जालिकेतून गॉल्गीकडे जाणाऱ्या नेहमीच्या पुटिकेचा व्यास ६० ते ९०. दांडा वाकत नाही, म्हणून पेशी पिशवीच मोठी करते. टँगो-१ नावाचं प्रथिन जालिकेच्या पटलातून आरपार बसतं. आतल्या बाजूने कोलॅजेनला धरतं, बाहेरच्या बाजूने पुटिका घडवणाऱ्या प्रथिनांना इतक्यात मिटू नका म्हणून थोपवतं आणि जादा पटल ओढून आणतं. तयार होते ती मोठी सुटी पिशवी की जालिका आणि गॉल्गी यांना काही क्षण जोडणारी नळी, यावर संशोधकांचं अजून एकमत नाही.